कळकलेला खुबा

"ताक कळकलंय," माझ्या सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी पेला खाली ठेवला.

पेला स्टीलचा होता. ताकही स्टीलच्याच पातेल्यात घुसळलेलं. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात आंबट काही ठेवलं की ते कळकतं, त्याला हिरवट, तुरट चव येते. स्टीलमध्ये तसं होत नाही. मी त्यांच्याच पेल्यातला एक घोट घेऊन बघितला. ताक चांगलं होतं. परागनेही, म्हणजे माझ्या नवऱ्याने, चाखून तेच सांगितलं.

"मग माझं तोंड कळकलं असेल," त्या म्हणाल्या. "प्या तुम्ही दोघं."

बोलणं थट्टेचं होतं, पण त्याआधी आमटी कळकली होती, आणि त्याआधी चहा.

माझ्या सासूबाईंचं नाव शेवंती. रत्नागिरीहून लग्न होऊन भाईंदरला आल्या आणि पूर्वेच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात स्टीलच्या भांड्यांना बफ मारायच्या कामाला लागल्या. फिरत्या चाकावर भांडं दाबून धरायचं, हिरव्या पॉलिशची वडी चाकाला लावायची, आणि काळपट पातेलं तोंड दिसेपर्यंत चमकवायचं. वीसेक वर्षं त्यांनी तेच केलं. अजूनही कुठे जेवायला बसल्या की आधी ताट उलटं करून बघतात. पाठ नीट घासलेली नसेल तर म्हणतात, "पुढून साहेब, मागून उघडा."

पाच वर्षांपूर्वी त्यांचा उजवा खुबा बदलला. ऑपरेशन छान झालं होतं. गोडदेवच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर त्या विनाकाठीच्या चढत-उतरत होत्या. मग यंदा जांघेत दुखायला लागलं. टीव्हीचा आवाज वाढत गेला. सुईत दोरा ओवताना हात कापू लागला. जिन्यात मधेच उभं राहून त्या मला म्हणायच्या, "तू हो पुढे गो निशी, मी जरा भिंतीचा रंग बघते."

मी निशिगंधा. औषधांच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. गोळ्यांमध्ये नको ते धातू किती आलेत हे मोजायचं, हे माझं काम. म्हणून ताकाची गोष्ट माझ्या डोक्यातून गेली नाही. धातूची चव, कानाचं कमी होणं, हाताची थरथर आणि धाप या चार गोष्टी वेगवेगळ्या घडल्या तर वय झालं म्हणतात. एकत्र घडल्या तर मला कोबाल्ट आठवतो.

कृत्रिम खुब्यात मांडीच्या हाडात टायटॅनियमचा दांडा बसवतात. दांड्याच्या मानेवर एक गोळा घट्ट ठोकून बसवतात, आणि तो गोळा प्लॅस्टिकच्या वाटीत फिरतो. सासूबाईंचा गोळा कोबाल्ट आणि क्रोमियमच्या मिश्रधातूचा होता. म्हणजे दोन वेगळे धातू, त्यांच्यामध्ये केसाहून बारीक फट, फटीत शरीरातलं खारट पाणी, आणि प्रत्येक पावलाला तिथे होणारी जराशी हालचाल. खाडीच्या वाऱ्यात राहणाऱ्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. आमच्या गॅलरीच्या ग्रिलचे बोल्ट बाहेरून धडधाकट दिसतात. पाना लावला की आतून भुगा पडतो.

ज्यांनी ऑपरेशन केलं होतं त्या डॉ. अभिनव सामंतांकडे आम्ही गेलो. मिरा रोडच्या हॉस्पिटलमध्ये त्यांची केबिन. त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला.

"बघा आजी. पुस्तकात छापावा असा सांधा बसलाय."

"छापा की," सासूबाई म्हणाल्या. "खाली बारीक अक्षरात लिहा, चालताना दुखतो."

डॉक्टर हसले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी पाय वळवून बघितला, पाठीच्या मणक्याचं असेल म्हणाले, वयाचं असेल म्हणाले. मी रक्तातला कोबाल्ट आणि क्रोमियम तपासायला सांगितलं.

"इंटरनेटवर वाचलंत का?"

"नाही. मी धातूच मोजते. गोळ्यांमधले."

"हे फार क्वचित होतं हो."

"क्वचित म्हणजे कुणाला तरी होतंच," मी म्हणाले.

त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. रक्त घ्यायच्या वेळी मी धातूविरहित नळी मागवली, आणि सुईतून आलेलं पहिलं रक्त टाकून द्यायला लावलं, कारण सुई स्वतःच स्टीलची असते. रक्त घेणारी मुलगी वैतागली. "मॅडम, बाकी कोणी असं नाय करत." सासूबाई तिला म्हणाल्या, "आमच्यात असंच चालतं बाय. ही भाजी घेतानापण असाच छळ करते."

रिपोर्ट आला. निरोगी माणसाच्या रक्तात लिटरमागे एका मायक्रोग्रॅमहून कमी कोबाल्ट असतो. त्यांच्या रक्तात एकोणचाळीस होता. क्रोमियम मात्र थोडंच वाढलेलं. मला आधी नमुन्याचाच संशय आला, म्हणून दुसऱ्या केंद्रात त्यांचं रक्त परत तपासून घेतलं. आकडा जवळपास तोच. गोळ्याच्या फटीत गंज लागला की असंच होतं. कोबाल्ट रक्तात विरघळून फिरतो, क्रोमियम बरंचसं तिथेच काळा थर होऊन बसतं.

मला वाटलं, आता सांगण्यासारखं काही उरलं नाही. रिपोर्ट स्वतःच बोलेल.

डॉक्टरांच्या केबिनमध्ये या वेळी आणखी एक जण बसला होता. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर बॅग. ज्या कंपनीचा सांधा होता तिचा माणूस, दिपेश. ऑपरेशनला सांधे पोचवायला तो नेहमी येतो, हे मला नंतर कळलं.

"नमस्ते आंटी," तो म्हणाला.

"आंटी कोणाला बोलतो? मावशी बोल."

"मावशी, फाइलमध्ये वाचलं, तुम्ही बफिंगचं काम करायच्या ना? स्टीलची डस्ट, क्रोमियमची पॉलिश. एवढी वर्षं ते श्वासातून आत गेलंय. रक्तात मेटल तर येणारच."

"भांड्यांच्या स्टीलमध्ये लोखंड, क्रोमियम आणि निकेल असतं," मी म्हणाले. "कोबाल्ट नावापुरता."

"नावापुरता म्हणजे असतो ना, मॅडम? आणि इथल्या गाळ्यांत कुठल्या भंगारातून पत्रा बनतो, तुम्हाला माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं. मी ते मोजलं नव्हतं. मला खात्री होती, पण खात्री आणि मोजमाप यांत फरक असतो आणि त्या फरकावरच माझी नोकरी चालते. मी गप्प बसले.

डॉक्टर अवघडून म्हणाले, "एक्स-रे चांगला असताना सांधा उघडायचा, हा मोठा निर्णय आहे. या वयात परत भूल, परत जखम. मी तूर्त फाइलमध्ये 'कामामुळे धातूचा संपर्क' अशी नोंद करतो. सहा महिन्यांनी बघू."

सासूबाई इतका वेळ एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होत्या. कानांनी कमी ऐकू यायला लागल्यापासून त्या तोंडं बघायच्या.

"म्हणजे मला भांड्यांनी खाल्लं?" त्यांनी विचारलं.

डॉक्टर फाइलमध्ये नोंद लिहीत राहिले.

"एवढी वर्षं बफ मारला, तेव्हा तोंड गोड होतं. तुमचा गोळा घातला आणि कळकलं. आणि दोष भांड्यांचा?" त्या टेबलाला धरून उठल्या. "चल गो निशी. इथे पाठ घासत नाहीत."

परतताना रिक्षा फाटकाजवळ अडकली तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्या कामावर घातलं त्यांनी."

घरी मी दोघांना सगळं नीट सांगितलं, कारण लपवण्यात अर्थ नव्हता. हा धातू सहा महिने असाच झिरपत राहिला तर कान आणखी जातील, आणि गेलेले कान परत येतील याची खात्री नाही. सांध्याभोवतीचं मांस मरतं. हृदयाचे स्नायू सैल पडतात. धाप त्यातलीच असू शकेल. गोळा काढायला हवा, आणि लवकर काढायला हवा. आणि जोवर कारण म्हणून भांडी लिहिलेली आहेत, तोवर तो कुणी काढणार नाही.

"दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ," पराग म्हणाला. त्याला भांडणाची मनापासून भीती वाटते. रिक्षावाल्याशी सुट्ट्यांवरून वाद झाला तरी तो आधी उतरून उभा राहतो. "आई, सोड ना. कशाला कंपनीशी..."

"फाइल तीच नेणार ना तू? त्यात भांडीच लिहिलेली असणार." त्या माझ्याकडे वळल्या. "तू का गप्प बसलीस तिथे? एरवी तर धने-जिरेपण मोजून घालतेस."

"कारण तो म्हणाला ते खोटं आहे हे मला दाखवता आलं नसतं."

"कसं दाखवतात?"

"ज्यांनी तुमच्याइतकंच बफिंग केलंय, त्याच पॉलिशने, त्याच पत्र्यावर, पण ज्यांचा खुबा स्वतःचाच आहे, अशा बायकांचं रक्त तपासायचं. भांड्यांमुळे असेल तर त्यांच्याही रक्तात कोबाल्ट निघेल."

"स्वतःचाच खुबा?" सासूबाईंना कितीतरी दिवसांनी हसू आलं. "हंसाचा बघितलायस? दोघींना पुरेल."

हंसाबेन त्यांच्या शेजारच्या मोटरवर काम करायच्या. अजून करतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आणि सासूबाई गाळ्यावर गेलो. शटर अर्धं वर होतं. आत पट्ट्यांचा आवाज, आणि हवेत काळी, तेलकट धूळ. बायकांनी डोळे सोडून सगळं तोंड ओढणीने बांधलं होतं. सासूबाईंना बघून एकेक मोटर बंद होत गेली.

"आवी गई राणी!" हंसाबेन ओरडल्या. त्या मराठी बोलतात, पण त्यात हिंदी आणि गुजराती कधी येईल याचा नेम नसतो. "काठी कुठाय तुझी? मी ऐकलं की तू काठी घेतली."

"काठी तुझ्यासाठी ठेवलीय. डोक्यात घालायला."

आम्ही कशासाठी आलोय ते मी सांगितलं. दिपेश काय म्हणाला तेही सांगितलं. कडेच्या मोटरवरची संजना सगळ्यांत तरुण, दोन मुलांची आई. तिने ओढणी खाली केली.

"वहिनी, आमच्या रक्तात काय निघालं तर? सेठ कामावरून काढेल."

खोटं बोलणं सोपं होतं. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या आणि मला माहीत होतं की या बायकांनी नाही म्हटलं तर माझ्याकडे दुसरा उपाय नाही.

"क्रोमियम निघू शकतं," मी म्हणाले. "ही हिरवी वडी क्रोमियमचीच असते. थोडंफार निघेल असं मला वाटतं. तुमची नावं मी हॉस्पिटलला देणार नाही. पण निघालं तर तुम्हाला सांगेन."

आतल्या काचेच्या खोलीतून सेठने मान बाहेर काढली. "क्या चल रहा है? मोटर क्यूं बंद है?"

"खून देने का है, सेठ," हंसाबेन म्हणाल्या. "आप भी देंगे?"

मान आत गेली.

हंसाबेनने हात पुसले. "तो निघू दे ना. आत आहे तर आहेच. कागज पे आला म्हणून वाढणार हाय का? आणि तो शर्टवाला बोलतो की आपण शेवंतीला बिमार केली. मी? मी हिला रोज माझ्या डब्यातलं थेपलं दिलं." संजनाकडे वळून त्या म्हणाल्या, "तुला नाय यायचं तर नको येऊ. मी कुणाला बोलणार नाय."

सुट्टीच्या दिवशी सकाळी रक्तकेंद्राबाहेर सहा जणी उभ्या होत्या. चेहरे घासून धुतलेले, ठेवणीतल्या साड्या. संजनाही होती. रक्त द्यायचं म्हणजे उपाशी यायचं असतं या समजुतीने सगळ्या उपाशी आल्या होत्या. या तपासणीला त्याची गरज नसते हे सांगायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. "पहिले बोलायचं ना, बेटा!" हंसाबेन कळवळून म्हणाल्या. "सकाळपासून मी ढोकळ्याकडे बघून रडते." त्याच धातूविरहित नळ्या. पहिलं रक्त टाकलेलं. केंद्रातल्या मुलीने या वेळी कुरकूर केली नाही, तिने एकीला विचारलं, "काय आहे हे नक्की?" आणि सासूबाईंनी तिला सगळं रामायण ऐकवलं.

गाळ्यातली झाडलेली धूळ आणि हिरव्या वडीचा तुकडाही मी एका खाजगी धातुपरीक्षण प्रयोगशाळेत दिला. भंगाराचा प्रश्न दिपेशने विचारला होता. उत्तर मोजूनच द्यायला हवं होतं.

रिपोर्ट आले तेव्हा मी ते दोनदा वाचले. सहाही जणींचा कोबाल्ट निरोगी माणसाइतकाच. धुळीत तो नगण्य होता, वडीत जवळपास नव्हताच. क्रोमियम मात्र सगळ्यांचं वाढलेलं होतं, आणि हंसाबेनचं तर सासूबाईंहूनही जास्त.

म्हणजे सासूबाईंच्या बाजूने हवा तो पुरावा मिळाला होता, आणि तो देणाऱ्या बाईला मला वाईट बातमी सांगायची होती. मी त्याच संध्याकाळी हंसाबेनच्या घरी गेले. आकडा घाबरण्याइतका नाही, पण दुर्लक्ष करण्याइतकाही नाही, गाळ्यात धूळ ओढणारा पंखा आणि खरे मास्क हवेत, असं सांगितलं.

"आधी तुझ्या सासूचा गोळा काढ," त्या म्हणाल्या. "नंतर तू, मी आणि सेठ. पंखा तर मी लावूनच घेईन. बावीस वर्षं त्याची भांडी चमकवली, आता त्याला चमकवते."

हॉस्पिटलमध्ये त्या आमच्याबरोबर आल्या. संजना आणि आणखी दोघी पण आल्या. मी नावं देणार नव्हते, त्या स्वतःच आल्या आणि केबिनच्या दाराबाहेर बाकावर ओळीने बसल्या. दार उघडं राहील असं हंसाबेनने आपलं पाऊल मधे ठेवलं.

दिपेश होताच. मी कागद डॉक्टरांसमोर ठेवले. नावांच्या जागी अक्षरं होती.

"सगळ्यांचं काम तेच, गाळा तोच, बहुतेकींची वर्षंही साधारण तितकीच," मी म्हणाले. "बफिंगने क्रोमियम वाढतं, हे खरं आहे. दिपेश बरोबर होते. कोबाल्ट वाढत नाही. आईंमध्ये उलटं आहे. कोबाल्ट भरपूर, क्रोमियम थोडं. आणि त्यांच्यात नि या बायकांत फरक एकच आहे."

दिपेश कागदाकडे न बघता म्हणाला, "सहा बायका म्हणजे काय स्टडी नाही, मॅडम."

"नाही. पण तुमच्याकडे एकही नव्हती."

बाहेरच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. डॉक्टर वाचत होते. ते रिपोर्टवरून फाइलवर गेले, परत रिपोर्टवर आले. मग त्यांनी पेन उघडलं आणि स्वतःच्याच अक्षरातली ती ओळ खोडली. खाली सही केली.

"धातूचा अडथळा टाळून करतात तो एमआरआय करू," ते म्हणाले. "आजच. हृदयाचीही तपासणी. माझा एक्स-रेवर फार भरवसा होता, आजी."

"पुढून छान दिसत होता तो," सासूबाई म्हणाल्या. "तुमची तरी काय चूक."

एमआरआयमध्ये सांध्याभोवती पाण्याची मोठी पिशवी दिसली. हृदय थोडं फुगलेलं होतं. डॉक्टरांनी पुढच्याच आठवड्यातला दिवस दिला. दांडा हाडात पक्का असल्यामुळे तो राहणार होता. फक्त गोळा आणि वाटी बदलायची, आणि नवा गोळा चिनी मातीसारख्या पदार्थाचा बसवायचा, ज्यातून कोबाल्ट सुटायचा प्रश्नच येत नाही.

ऑपरेशनच्या सकाळी नर्सने अंगावरचे दागिने काढायला सांगितले. पाटल्या निघाल्या, कुड्या निघाल्या. नाकातली चमकी काही निघेना. साबण लावून ती काढली. नर्सने सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, पिशवीवर सासूबाईंचं नाव चिकटवलं आणि परागच्या हातात दिली. दारात दिपेश उभा होता, नवा गोळा घेऊन आलेला. डॉक्टरही तिथेच होते.

"थांबा," सासूबाई म्हणाल्या. "अंगावरचा धातू काढला की घरच्यांच्या हातात देता ना?"

"हो आजी," नर्स म्हणाली.

"मग अंगातला पण ह्याच पिशवीत द्यायचा."

दिपेश पुढे आला. "मावशी, ते काढलेलं पार्ट कंपनीत जातं. आमची प्रोसेस आहे. तिकडे तपासतात, रिपोर्ट बनतो."

"तुमचा रिपोर्ट मी ऐकलाय. भांड्यांचा."

"मावशी..."

"पाच वर्षं मी वागवला. उठले त्याच्यावर, बसले त्याच्यावर. त्याने माझे कान खाल्ले. तो माझा आहे." त्या डॉक्टरांकडे वळल्या. "भूल द्यायच्या आधी सांगतेय. शुद्धीत आहे ना मी?"

"आहात," डॉक्टर म्हणाले. "चांगल्याच आहात. मी ऐकलंय."

मी डॉक्टरांना एवढंच म्हणाले, की गोळ्याच्या आत काही काळं असेल तर ते घासू नका. निर्जंतुक करा, पण घासू नका.

दार बंद झालं. पराग पिशवी मांडीवर घेऊन बसला. दिपेश कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला फोनवर बोलत होता. खूप वेळाने डॉक्टर बाहेर आले. ऑपरेशन नीट झालं होतं. आत राखाडी, दाट पाणी भरलं होतं, ते म्हणाले, आणि थोडं मांस मेलेलं होतं. आणखी उशीर झाला असता तर बरंच गेलं असतं. मग त्यांनी झाकणाची बरणी पुढे केली. "धुतलाय. घासलेला नाही."

दिपेशने आधी हात पुढे केला. "सर, हे मी घेतो. वरून आत्ताच फोन आला होता."

बरणी डॉक्टर आणि तो यांच्यामध्ये होती. मी उठेपर्यंत पराग उठला होता. माझा नवरा, जो रिक्षातून आधी उतरतो. त्याने दागिन्यांच्या पिशवीचं तोंड उघडलं आणि डॉक्टरांसमोर धरलं.

"ह्यात ठेवा," तो म्हणाला. आवाज जरा चिरकला. "आईने सांगितलंय."

डॉक्टरांनी बरणी पिशवीत ठेवली. दिपेश म्हणाला, "कंपनीकडून लेटर येईल, सर."

"येऊ दे," पराग म्हणाला. "पत्ता गोडदेवचा. लिहून घेता का?"

हंसाबेन तिसऱ्या दिवशी वॉर्डात आल्या, सरळ गाळ्यावरून, नखांतलं काळं तसंच घेऊन. सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या. तोंडाची चव अजून गेली नव्हती; ती हळूहळू जाईल, कान किती परततील ते सांगता येत नाही, असं मी त्यांना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "थांबलं ना पण. तेवढं पुरे."

"दाखव तो चोर," हंसाबेन म्हणाल्या.

मी बरणी कपाटातून काढली. आमचं ठरलं होतं की ती एका सरकारी तंत्रसंस्थेतल्या धातूतज्ज्ञांकडे न्यायची आणि त्यांच्या अहवालासह तक्रार करायची. हा सांधा आणखी कुणाकुणाच्या अंगात बसवलाय, हे कुणीतरी विचारायला हवं होतं. हंसाबेनने गोळा तळहातावर घेतला आणि सवयीने उजेडात फिरवला.

"बाहेरून तर एक नंबर बफ आहे," त्या म्हणाल्या. "तोंड दिसतंय माझं." मग त्यांनी तो उलटा केला. दांड्याची मान जिथे बसते ते आतलं भोक काजळासारखं काळं होतं, कडांना खाल्ल्यासारखे खड्डे. त्यांचा चेहरा उतरला. "अरे, ही काय हालत! दे, मी घेऊन जाते. कापडाची वात बनवून आत फिरवली की पाच मिनिटांत सगळा कचरा साफ. एवढी वर्षं तुझ्याजवळ होता, असा घाण कशाला ठेवायचा?"

त्यांनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलंही होतं आणि भोकात घालायला नेलं. माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत सासूबाई ओरडल्या. नुकतं ऑपरेशन झालेल्या बाईचा तो आवाज नव्हता. शेजारच्या खाटेवरची बाई दचकून उठली.

"हात लावू नको, हंसा!"

हंसाबेनचं बोट तसंच हवेत राहिलं.

"जन्मभर काळं घासलं आपण," सासूबाई म्हणाल्या. "हे घासायचं नाय. काळंच राहू दे."

हंसाबेनने बोटावरची ओढणी हळूच सोडली. मग त्या गोळा परत बरणीत ठेवायला लागल्या, चमकती बाजू वर करून, जशी त्या आयुष्यभर प्रत्येक वाटी ठेवत आल्या होत्या.

"उलटा ठेव," सासूबाई म्हणाल्या. "भोक वर. उघडणाऱ्याला आधी तेच दिसायला पाहिजे."